आडवी पेन्सिल

१

धाकटीचा धंदा बुद्धी मोजण्याचा. लोक रक्त तपासायला जातात तसे तिच्याकडे डोकं तपासायला यायचे. शाळेत मागे पडणारी मुलं यायची, नोकरीचे उमेदवार यायचे, नावं आठवेनाशी झालेले म्हातारे यायचे. राहत्या घरातल्याच एका खोलीत हे चालायचं. एक टेबल, दोन खुर्च्या, लाल-पांढऱ्या लाकडी ठोकळ्यांची पेटी आणि टोक केलेली पेन्सिल. भिंतीवर साधं कॅलेंडरसुद्धा नाही, समोरच्याचं लक्ष भरकटायला नको म्हणून.

खोलीचा कायदा एकच होता. उत्तर चूक की बरोबर, हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. कुणी अचूक सांगो की वाट्टेल ते बरळो, धाकटी म्हणणार, "बरं. पुढचं." तोच आवाज आणि तोच चेहरा. "तुझा नवरा असता तर वैतागून पळून गेला असता," असं तिची थोरली बहीण म्हणायची. पण धाकटीने लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे पळायचा प्रश्न आला नाही.

थोरली म्हणजे ताई. यजमान गेल्यावर ती इथे राहायला आली. मुलगा लांबच्या गावी नोकरीला होता. ताईला घर हवं होतं आणि धाकटीला घरात माणूस. भांडणं व्हायची ती चहात साखर किती यावरून, तेवढ्यापुरतीच. दुपारी ताई स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायची. भिंतीपलीकडे चाचणीची खोली. "बरं, पुढचं" ऐकत ऐकत तिची डुलकीही तिथेच व्हायची.

एकदा धाकटी बाहेरचं व्याख्यान आटोपून दुपारी घरी आली. चाचणीच्या खोलीत पिशवी ठेवायला गेली, तर टेबलावर चहाचा कप. गार झालेला, वर साय धरलेली.

"ताई, हा चहा कुणाचा?"

"तुझा. आणखी कुणाचा?"

"अगं, मी सकाळपासून बाहेर आहे."

ताईने विणकाम मांडीवर ठेवलं. "चेष्टा पुरे. मघाशी आत होतीस की. बरं, पुढचं, बरं, पुढचं चाललं होतं तुझं. मी दार लोटलं, कप ठेवला नि आले."

"मग मी दिसले का तुला आत?"

"मी कशाला बघतेय? चाचणी चालू असताना मान वर करायची नाही, असं तूच बजावून ठेवलंयस. मी खाली बघून जाते आणि खाली बघून येते."

धाकटी हसली. कप विसळून ठेवला आणि हातपाय धुवायला गेली.

२

आता धाकटी काही ऐऱ्यागैऱ्या डोक्याची नव्हती. माणसाचा विचार कुठे घसरतो हेच ती गावोगावी शिकवायची. तिला कारण सापडायला कितीसा वेळ लागणार? रोज जो आवाज कानावर पडतो, तो नसला तरी कान भरून काढतो. त्यात वय आणि त्यात डुलकी. चहा ताईने झोपेतच केला असणार.

पण आवाज परत आला. धाकटी बँकेत गेली की यायचा, भाजी आणायला गेली की यायचा. ताई काही घाबरली वगैरे नव्हती, दूधवाला येऊन गेल्याचं सांगावं तसं सांगायची. "आज पुन्हा चाललं होतं हं आत." मग एका सकाळी ठोकळे पेटीबाहेर निघाले. धाकटी रोज मोजून आत ठेवायची. त्या दिवशी ते टेबलावर चौकोनात मांडलेले होते, लाल पट्टी तिरकी गेलेली आणि एका कोपऱ्यातला ठोकळा चुकलेला.

"तू हात लावलास का ठोकळ्यांना?"

"मी? मला मेलं ते कोडं कधी सुटलंय का?" ताई म्हणाली. "पण लावायला लागतं गं कधीकधी. ती सोडत नाही."

"ती म्हणजे कोण?"

"मला काय माहीत! आवाज तर तुझा आहे."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि माणसं कावळ्याला वजनदार ठरवतात, हे धाकटीचं व्याख्यानातलं आवडतं वाक्य. इथे तर फांदीही ताईनेच मोडलेली होती. ठोकळे हिनेच लावायचे, आवाज हिलाच यायचा आणि गोष्टही हिनेच रचायची.

तरी धाकटी न्यायाने वागली. निदान स्वतःला तरी तिने तसं सांगितलं. पुरावा बघितल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून तिने एका दुपारची सगळी कामं रद्द केली आणि चाचणीच्या खोलीत, आपल्या खुर्चीत, कान देऊन बसली. उन्हं उतरेपर्यंत बसली. पलीकडून ताईच्या सुयांची टकटक तेवढी ऐकू आली.

"बघ," ती बाहेर येऊन म्हणाली. "काही नाही, कोणी नाही."

ताईने तिच्याकडे बघितलं. एखाद्या हुशार मुलाने बेरीज चुकवावी तेव्हा बघतात तसं. "अगं खुळे, त्या खुर्चीत तू बसल्यावर ती कुठे बसणार? माझ्या खुर्चीत बसून ऐक ना एकदा."

"कळलं, कळलं," धाकटी म्हणाली आणि विषय तिथेच मिटवला.

३

व्याख्यानाला नवा दाखला हवाच होता. जुने दाखले लोकांना पाठ झाले होते.

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत," धाकटी सांगायची. "त्यांना रिकाम्या खोलीतून आवाज येतो. मी म्हटलं, चला, आपण ऐकू. ऐकलं, काही नाही. तर त्या म्हणतात, तुम्ही बसलात म्हणून आली नाही ती!" इथे ती जराशी थांबायची आणि ओठाच्या कोपऱ्यातून आधी स्वतः हसायची. मग सभागृह हसायचं. हसू ओसरलं की ती गंभीर व्हायची. "आपल्यालाच खरं ठरवील तेवढंच माणूस तपासतो. जिथे आपण खोटे ठरू शकतो, तिथे जाऊन बघत नाही." टाळ्या पडायच्या.

एकदा गावातच व्याख्यान होतं. ताई म्हणाली, मीही येते, इतकी वर्षं नुसतं ऐकतेय की तू छान बोलतेस. धाकटीने आढेवेढे घेतले, "तुला कंटाळा येईल, खुर्च्या वाईट आहेत." ताई ठेवणीतले कपडे घालून, केसाला तेल लावून तयारच. शेवटच्या रांगेत बसली.

आता दाखला गाळायचा, बस्स. एवढं काही अवघड नव्हतं. धाकटीने मनाशी ठरवलंही होतं. पण व्याख्यान त्या दिवशी पडलं. लोक जांभया द्यायला लागले, पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनी फोन काढला. आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत."

सभागृह हसलं. ताईसुद्धा हसली. पदार्थ चांगला झाला की करणारीकडे बघून हसावं तशी, कौतुकाने. मग ते हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि हळूहळू तिने मान खाली घातली. चाचणीच्या खोलीत चहा ठेवायला येताना घालायची तशीच.

परतीच्या वाटेवर धाकटी ताईच्या दोन पावलं पुढे चालत होती. कानशिलं तापली होती. ताईच बोलली.

"छान बोललीस हं. लोकांना आवडलं."

लाज वाटणं म्हणजे काय हे धाकटीला त्या वाटेवर कळलं. आणि गंमत बघा, अशी लाज माणसाला माफी मागायला लावत नाही. ज्याच्यामुळे ती वाटते, तोच नजरेसमोर नकोसा होतो. घरी पोचेपर्यंत धाकटीच्या मनात येऊन गेलं होतं की ताई आता आपल्या मुलाकडे राहिली तर बरं.

४

आणि मुलाचा फोन आलाच. ताई त्याच्याजवळ आवाजाबद्दल सहज काहीतरी बोलली होती, ते ऐकून तो हादरला होता.

"मावशी, इकडे एक चांगला निवास आहे, वयस्क लोकांचा. चोवीस तास नर्स असते. पण मला आईला उगाच हलवायचं नाही. तू बघ, तपास, आणि सांग. तू सांगशील ते शेवटचं."

आपल्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नाही, हे या धंद्यातलं पोरासोरांना माहीत असलेलं. धाकटीने ती घेतली. दुसऱ्या कुणाकडे नेलं असतं, तर ताईने तिथे व्याख्यानाचं सांगितलं असतं, आणि ते तिला नको होतं.

ताई समोरच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर. महिन्यांची नावं उलटी सांगितली, छान सांगितली. उलट्या आकड्यांत एकदा अडखळली.

"बरं. पुढचं."

"हे चुकलं वाटतं," ताई म्हणाली.

"मी काही बोलले का?"

"बोलत नाहीस, पण पेन्सिल आडवी ठेवतेस. बरोबर असलं की ती हातात राहते, चुकलं की टेबलावर आडवी. जगाला कळतं, तुलाच कळत नाही. ती पण तशीच. भिंतीतून ऐकू येतो आवाज, टक करून."

धाकटीने पेन्सिल घट्ट धरली. आपल्या हाताला अशी खोड असणं शक्यच नाही. वीस जणांना चाचणी घ्यायला शिकवलेल्या बाईला?

"ताई, इथे तिचं काही काढू नकोस."

"ती तुलाच विचारत असते गं," ताई घाईघाईने, हळू आवाजात म्हणाली, जणू पुन्हा बोलू देणार नाहीत. "मी सांगते, धाकटी घरी नाही. मग माझ्यावर भागवते. मला कुठली येतायत तुझी उत्तरं? मी आपलं काहीतरी सांगते, म्हणजे ती तिथेच थांबते. बाहेर येत नाही."

आता बघा, प्रश्न विचारण्यावर जिचं पोट भरतं, तिने इथे एक प्रश्न विचारायचा होता. काय विचारते ती? तेवढाच. धाकटीने तो विचारला नाही.

"बरं," ती म्हणाली. "पुढचं."

संध्याकाळी तिने भाच्याला सांगितलं, "घेऊन जा. एकटं ठेवण्यासारखं राहिलं नाही." ताईने कुरकुर केली नाही. बॅग भरली आणि विणायला घेतलेला मोजा धाकटीच्या उशीपाशी ठेवून गेली, एकच, दुसरा व्हायचा होता.

५

घर शांत झालं. शांत व्हावं म्हणूनच तर हे केलं होतं, पण धाकटी टीव्ही मोठ्याने लावू लागली.

त्या आठवड्यात एक घड्याळजी आला. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला, नाजूक बोटांचा म्हातारा, हल्ली विसरायला होतं म्हणून आलेला. धाकटी कोपऱ्यावरच्या दुकानातून येईपर्यंत तो बाहेरच्या खोलीत बसून होता. शेजारणीने दार उघडून दिलं होतं. धाकटी रस्त्याच्या दारातून आत शिरली तसा तो चमकून उभा राहिला.

"तुम्ही बाहेर होतात?"

"हो. का?"

"नाही, आत चाललं होतं म्हणून मी थांबलो. मला वाटलं, आधीच्याचं उरकायचंय." त्याने चाचणीच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. "तुमच्याच आवाजात... बरं, पुढचं असं..." मग त्याचा चेहरा पडला. "जाऊ दे. हेच हो हे. याच्यासाठीच आलोय मी. म्हणजे आता कानही गेले म्हणायचे."

तो तिच्याकडे बघत राहिला. नाही हो, तुमचे कान ठीक आहेत, माझ्या बहिणीलाही ऐकू यायचं. एवढंच म्हणायचं होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

"बरं," धाकटी म्हणाली. "या आत."

चाचणीत त्याने ठोकळे भराभर लावले आणि मग कालची तारीख चुकवली. धाकटी म्हणाली, "बरं. पुढचं." आणि पहिल्यांदाच तिने आपल्या हाताकडे बघितलं. हात रिकामा होता. पेन्सिल टेबलावर आडवी पडली होती. म्हाताराही तिच्याकडेच बघत होता, अपराध्यासारखा.

६

तो गेल्यावर ती बराच वेळ बाहेरच्या खोलीत उभी राहिली. डोकं नेहमीप्रमाणे कामाला लागलेलंच होतं. म्हाताऱ्याला शेजाऱ्यांचा रेडिओ ऐकू आला असेल. पेन्सिल आज चुकून पडली असेल. ताईने सांगितल्यामुळे हातानेच नवी खोड उचलली असेल. एकेक कारण कसं चोख होतं. फक्त सगळी मिळून तिला ताईच्या खुर्चीपासून लांब ठेवत होती, हेही तिच्या लक्षात आलं.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि त्या खुर्चीत बसली. डोकं भिंतीला टेकलं. तिथे ताईच्या तेलाचा पुसट डाग होता, तिचं डोकं नेमकं त्यावर आलं.

भर दुपार होती. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नळ ठिबकत होता. मग भिंतीपलीकडे खुर्ची सरकली.

"दोन बहिणी एका घरात राहतात," तिचाच आवाज म्हणाला. सपाट, सभ्य, रोजचा. "एकीला आवाज ऐकू येतो. दुसरीला येत नाही. दुसरीने कुठे बसून ऐकायला हवं होतं?"

उत्तर द्यायला आता ताई नव्हतीच.

टक.

"बरं. पुढचं. सभागृहातले लोक हसले. सगळ्यांत आधी कोण हसलं?"

धाकटीने तोंडावर हात दाबला. भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती. पण तिच्याही वर, अंगभर, लाज चढत होती. म्हणजे हे प्रश्न ताईला विचारले जायचे. ताईला उत्तर माहीत असायचं. आणि ताई मुद्दाम चुकीचं सांगायची, बहिणीला सांभाळून घ्यायला. रोज, दुपारी, विणता विणता.

टक.

ती उठली. बोळातून चाचणीच्या खोलीपाशी गेली. दार बंद करून घेतलेलं तिला आठवत होतं, ते आता बोटभर उघडं होतं. तिने फटीला डोळा लावला.

समोरच्या माणसाची खुर्ची जराशी बाहेर ओढलेली होती, "बसा" म्हणताना ओढतात तशी. रिकामी. ठोकळे मांडलेले. तिची स्वतःची खुर्ची दाराच्या आड होती, दिसत नव्हती. टेबलावर टेकलेलं एक कोपर तेवढं दिसत होतं. करड्या स्वेटरचं. कोपरावर निळ्या लोकरीचा रफू.

धाकटीचा हात आपल्या कोपराकडे गेला. बोटांना रफू लागला. ताईनेच केलेला, करडी लोकर संपली म्हणून निळीने केलेला. जगात दुसरा नसणार.

ते कोपर हललं. दाराकडे वळणाऱ्या माणसाचं हलतं तसं.

तेवढ्यात फोन वाजला.

७

ती बाहेरच्या खोलीत कशी आली, हे तिला नंतरही आठवलं नाही. फोन कानाला होता आणि पलीकडे भाचा होता.

"मावशी, बरी आहेस ना? धाप लागलीय का? ऐक, आई इथे रमत नाही गं. जेवत नाही. सारखी म्हणते, धाकटी एकटी आहे तिथे. म्हणते, तिला एकदा विचार, तिला ऐकू येतं का. मावशी, मला वेड्यासारखं वाटतंय विचारायला, पण तू हो म्हणालीस तर मी आत्ता गाडी काढतो. आईला घेऊन येतो, संपलं. नाहीतर इथलं कायमचं करून टाकतो. हे घे, तिलाच देतो."

थोडी खुडबुड झाली. मग ताईचा आवाज, बारीक, लांबून आल्यासारखा.

"धाकटे?"

"हं, ताई."

"खरं सांग हं. येतं का ऐकू?"

हो. एवढंच. ओठांपर्यंत आलेलं होतं. पण हो म्हटलं की भाचा विचारणार, मग आईला घालवलंस का? घड्याळजीला काय सांगायचं? आणि त्या सगळ्या सभागृहांना? ती बाई माझी बहीण होती आणि तिचं खरं होतं, असं उभं राहून कुठल्या तोंडाने सांगायचं? धाकटीने डोळे मिटले. तिला तेवढ्यातही वाटलं, नंतर सांगू, जरा सावरल्यावर, नीट विचार करून.

"नाही गं," ती म्हणाली. "कोणी नाही इथे. काही ऐकू येत नाही."

आतल्या खोलीत, उघड्या दारापलीकडे, टेबलावर पेन्सिल आडवी ठेवली गेली.

टक.

धाकटीला फोनवर ताईचा श्वास ऐकू येत होता. म्हणजे तिलाही इकडची ती टक ऐकू आली असणार.

"बरं," ताई अखेर म्हणाली, अगदी मायेने. "असू दे, असू दे. मी सांगते याला, की मलाच भास व्हायचे. तू जेवून घे हं वेळेवर."

फोन बंद झाला. धाकटी तो हातात धरून उभी राहिली. आत खुर्ची मागे सरकली आणि कोणीतरी उठलं.

"पुढचं," तिचाच आवाज म्हणाला. या वेळी तो बोळातून आला.